रिकाम्या चौकोनाचा अर्थ

ह्यूएट कॉट्रेल वॉटसन हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ. कोणती वनस्पती देशात कुठे उगवते याची मोजदाद करायला तो बसला आणि त्याची पहिली अडचण निघाली ती देशाच्या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची. यॉर्कशायर अवाढव्य, तर रटलंड चिमुकलं. अमुक वनस्पती यॉर्कशायरमध्ये आहे म्हटलं तर ती समुद्रकाठी आहे की डोंगरमाथ्यावर, काहीच कळायचं नाही. वॉटसन तापट आणि भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होता. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या फ्रेनॉलॉजीच्या नादीही तो काही वर्षं लागला होता. सरकार काही करेल याची वाट न पाहता त्यानं १८५२ मध्ये ग्रेट ब्रिटनचे स्वतःच ११२ तुकडे पाडले. यॉर्कशायरचे पाच केले, रटलंड शेजारच्या लेस्टरशायरला जोडून टाकलं. नैर्ऋत्य टोकाच्या पश्चिम कॉर्नवॉलला क्रमांक १, उत्तरेकडच्या शेटलंड बेटांना ११२. या तुकड्यांना ‘व्हाइस काउंटी’ म्हणतात. पुढे १९०१ मध्ये रॉबर्ट लॉइड प्रेगर यानं आयर्लंडचे असेच ४० भाग केले.

ही वाटणी झाडापानांसाठी केलेली होती, पण कीटकांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनीही ती उचलली आणि आजवर सोडलेली नाही. १९७४ मध्ये सरकारनं काउंट्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, हंटिंगडनशायर केंब्रिजशायरमध्ये विलीन झालं. कीटकवाल्यांच्या दप्तरी मात्र ते जुन्या सीमांसह शाबूत आहे, क्रमांक ३१ म्हणून. यात जुन्याचा हट्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची नोंद शेजारी ठेवायची तर मधल्या काळात जमिनीची मोजपट्टी बदलून चालत नाही.

वॉटसनच्या काळच्या कीटकप्रेमींना मात्र नकाशापेक्षा पेटीची ओढ जास्त होती. फुलपाखरं पकडायची, टाचणीला लावायची, महोगनीच्या कपाटात रांगेनं मांडायची हा व्हिक्टोरियन काळातला सभ्य छंद होता. पाद्री, डॉक्टर, वकील सगळेच त्यात. इंग्लंडच्या भूमीवर पकडलेल्या दुर्मीळ फुलपाखराला युरोपातून आणलेल्या त्याच जातीच्या फुलपाखरापेक्षा कितीतरी पट किंमत यायची. मग जे व्हायचं तेच झालं. फ्रान्सकडून आणलेला माल केंटच्या किनाऱ्यावर पकडला म्हणून विकणारे व्यापारी निघाले. पंख तेच, रंग तेच, खोटं होतं ते फक्त टाचणीवरच्या कागदाच्या चिटोऱ्यावर. संग्रहालयांतले अभ्यासक आजही असे जुने नमुने संशयानंच हाताळतात. ज्या कीटकाच्या टाचणीवर चिठ्ठीच नाही, तो कितीही देखणा असला तरी नकाशाच्या दृष्टीनं कुचकामी.

चिठ्ठीवर हव्यात त्या गोष्टी चारच: काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं आणि कोणी पाहिलं. ‘कोणी’ हे श्रेय देण्यासाठी नसतं. उद्या शंका आली तर कोणाला विचारायचं, हे ठाऊक असावं म्हणून ते नाव असतं. या चारपैकी एक जरी गळलं तरी नोंद लंगडी पडते.

‘कुठे’चं उत्तर नेमकं देता यावं यासाठी ब्रिटनच्या भूमापन खात्याची चौकटजाळी कामी आली. सगळा देश १०० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेला असून प्रत्येक चौकोनाला दोन रोमन अक्षरं दिलेली आहेत. त्यापुढे आकडे येतात. ‘टीएल २८’ म्हटलं की १० किलोमीटर बाजूचा एक चौकोन झाला. ‘टीएल २०८०’ म्हटलं की त्याच्याच पोटातला एक किलोमीटरचा चौकोन. सहा आकडे दिले की १०० मीटरपर्यंत पोचता येतं. स्थानिक अभ्यासक आणखी एक सोय वापरतात. १० किलोमीटरच्या चौकोनाचे दोन-दोन किलोमीटरचे २५ भाग करायचे आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर द्यायचं. अक्षरं २६, भाग २५, म्हणून ‘ओ’ गाळायचं, कारण घाईत लिहिलेला ओ शून्यासारखा दिसतो.

या जाळीवर पहिला मोठा प्रयोग झाला तोही वनस्पतींवरच. फ्रँकलिन पेरिंग आणि मॅक्स वॉल्टर्स यांचा ब्रिटिश वनस्पतींचा अॅटलस १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातल्या हौशी मंडळींनी पाठवलेल्या नोंदी पंच कार्डांवर भोकं पाडून साठवल्या होत्या आणि नकाशांवरचे ठिपके यंत्रानं उमटवले होते. एक जात, एक नकाशा. १० किलोमीटरच्या ज्या चौकोनात ती जात सापडली, तिथे एक ठिपका. या कामातूनच १९६४ मध्ये ‘बायोलॉजिकल रेकॉर्ड्स सेंटर’ उभं राहिलं. जागा होती माँक्स वुड, जुन्या हंटिंगडनशायरमधलं एक ओकचं रान आणि त्याला लागून असलेलं संशोधन केंद्र. वर आलेला ‘टीएल २०८०’ हा चौकोन तिथलाच.

तीन वर्षांनी जॉन हीथ हे पतंगांचे आणि फुलपाखरांचे जाणकार तिथे रुजू झाले आणि कीटकांचा पाळणा हलला. हीथ यांनी हौशी निरीक्षकांना कार्डं पाठवायला सुरुवात केली, जुने संग्रह आणि जुनी नियतकालिकं चाळून मागच्या शतकातल्या नोंदी काढवल्या. अर्नी पोलार्ड आणि जेरेमी थॉमस यांच्यासह त्यांनी केलेला ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या फुलपाखरांचा अॅटलस १९८४ मध्ये आला. अशा नकाशांचा एक साधा संकेत होता. अलीकडची नोंद म्हणजे भरीव ठिपका, जुनी नोंद म्हणजे पोकळ वर्तुळ. पोकळ वर्तुळांची रांग दिसली की समजायचं, ही जात इथे एकेकाळी होती, पण अलीकडे कोणाला दिसलेली नाही.

खरी पंचाईत ना भरीव ठिपक्याची, ना पोकळ वर्तुळाची. ती आहे रिकाम्या चौकोनाची.

रिकामा चौकोन दोन कारणांनी रिकामा राहतो. एक तर तो कीटक तिथे नाही. नाहीतर तिथे कोणी गेलंच नाही. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनच्या आसपासची गावं या भागात दर दोन मैलांवर कोणीतरी जाळं घेऊन फिरणारं असतं. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या डोंगराळ मुलखात मात्र वस्ती विरळ, पाऊस फार आणि चावऱ्या मिज माश्यांचे थवे. साहजिकच तिथल्या नोंदी उन्हाळी सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांच्या भरवशावर. त्यात पुन्हा माणूस रविवारी बाहेर पडतो, ऊन असेल तर पडतो, आणि जिथे काहीतरी चांगलं दिसण्याची शक्यता असते तिकडेच वळतो. बटाट्याच्या शेताच्या बांधावर उभं राहून ‘इथे काही नाही’ असं लिहायला कोण जाणार? म्हणून कीटकांचा कोणताही कच्चा नकाशा हा अर्धा कीटकांचा आणि अर्धा निरीक्षकांचा नकाशा असतो.

यावरचा पहिला उपाय अर्नी पोलार्ड यांनी माँक्स वुडमध्ये पायी चालून काढला. ठरलेली वाट, ठरलेला वेग, आणि मोजायची ती फुलपाखरं आपल्यापुढच्या पाच मीटरच्या पट्ट्यातलीच. १ एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, २६ आठवडे, दर आठवड्याला एक फेरी, दुपारच्या आसपास. तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर जायचं नाही. १३ ते १७ अंश असेल तर निदान ६० टक्के ऊन हवं. १७ च्या वर असेल तर ढगाळही चालेल, पाऊस नको. नियम वाचायला रुक्ष वाटतात, पण त्यांच्यामुळे एक मोठी गोष्ट साधली. शून्यालाही किंमत आली. योग्य हवेत, योग्य वाटेवर माणूस चालला आणि त्याला ते फुलपाखरू दिसलं नाही, म्हणजे तिथला रिकामेपणा पुराव्यासह सिद्ध झाला. १९७६ मध्ये या पद्धतीवर राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

पतंगांसाठी ही युक्ती चालत नाही, कारण बहुतेक पतंग रात्रीचे. त्यांच्यासाठी दिवा लावावा लागतो. हर्टफर्डशायरमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये दिव्याचा सापळा लावून रोजचे पतंग मोजायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात त्या नमुन्याच्या सापळ्यांचं जाळं देशभर पसरलं. घरगुती निरीक्षक आपल्या परसात वेगळा, अधिक प्रखर सापळा लावतात. पिंप किंवा पेटी, तोंडाशी नरसाळं, वर मर्क्युरी व्हेपर दिवा, आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. रात्रभर पतंग दिव्याभोवती घिरट्या घालतात, नरसाळ्यातून आत घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत जाऊन गप्प बसतात. पहाटे लवकर उठायचं, कारण जवळपासच्या रॉबिन पक्ष्यालाही सापळ्याची वेळ पाठ झालेली असते. मग एकेक ट्रे हळूच उलटायचा. एका खळग्यात वाळक्या काटकीच्या तुकड्यासारखा दिसणारा बफ-टिप, दुसऱ्यात गुलाबी-हिरवट एलिफंट हॉकमॉथ, तिसऱ्यात एकसारख्या दिसणाऱ्या तपकिरी पतंगांची दाटी. नावं आणि संख्या वहीत उतरवायच्या आणि सगळ्यांना झुडपाच्या सावलीत सोडून द्यायचं.

एकसारखे दिसणारे पतंग हीच इथली डोकेदुखी. ग्रे डॅगर आणि डार्क डॅगर या दोन पतंगांच्या सुरवंटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण प्रौढ पतंग नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. खात्री करायची तर मेलेल्या पतंगाची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. ते करायचं नसेल तर प्रामाणिकपणे ‘दोघांपैकी एक’ असं लिहायचं. नोंद आली की ती त्या काउंटीच्या रेकॉर्डरकडे जाते. हा रेकॉर्डर बहुधा बिनपगारी स्वयंसेवकच असतो. तो जुनी यादी पाहतो, महिना पाहतो, नोंद पाठवणारा किती मुरलेला आहे ते पाहतो. ऑगस्टमध्ये उडणारा पतंग कोणी एप्रिलमध्ये पाहिला म्हणत असेल तर फोटो मागतो. या चाळणीतून पार पडलेली नोंदच नकाशापर्यंत पोचते. पतंगांच्या बाबतीत हा व्याप किती मोठा झाला याची कल्पना २०१९ मध्ये आलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या मोठ्या पतंगांच्या अॅटलसवरून येते. त्यात ८९३ जाती आहेत आणि मागे उभ्या आहेत अडीच कोटींहून अधिक नोंदी.

चालणं आणि दिवा लावणं यांनी ठरावीक ठिकाणांचा प्रश्न सुटतो, साऱ्या देशाचा नाही. बाकीच्या लाखो सुट्या, विस्कळीत नोंदींचं काय करायचं? २०१२ मध्ये मार्क हिल यांनी त्यासाठी एक गणिती रीत मांडली. तिचा गाभा सोपा आहे. मेडो ब्राउन हे फुलपाखरू ब्रिटनच्या गवताळ भागात जवळपास सगळीकडे असतं. एखाद्या चौकोनातून मेडो ब्राउनचीही नोंद नसेल, तर तिथे फुलपाखरं नाहीत असं नव्हे, तिथे कोणी नीट पाहिलेलंच नाही. त्या चौकोनातल्या इतर जातींच्या रिकामेपणाला मग फारसा अर्थ उरत नाही. उलट सगळी नेहमीची मंडळी नोंदलेली आहेत आणि एकच जात गायब आहे, तर त्या गैरहजेरीची दखल घ्यायला हवी. सामान्य जातींच्या हजेरीवरून निरीक्षकांची मेहनत मोजायची आणि त्या मापानं दुर्मीळ जातींची गैरहजेरी जोखायची. ज्या सर्वसामान्य फुलपाखराची नोंद करायचा निरीक्षकांना कंटाळा यायचा, त्याचीच नोंद अशी मोलाची ठरली.

या सगळ्या खटाटोपातून जे चित्र पुढे आलं ते अस्वस्थ करणारं होतं. २००४ मध्ये जेरेमी थॉमस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधले फुलपाखरांचे, पक्ष्यांचे आणि वनस्पतींचे जुने-नवे नकाशे एकमेकांशेजारी ठेवले. वनस्पतींच्या २८ टक्के जाती सुमारे चाळीस वर्षांत घटल्या होत्या, पक्ष्यांच्या ५४ टक्के साधारण वीस वर्षांत, आणि फुलपाखरांच्या ७१ टक्के तेवढ्याच काळात. लोकांचं लक्ष पक्ष्यांवर होतं, ऱ्हास मात्र कीटकांत जास्त होता. दोन वर्षांनी रॉथमस्टेडच्या सापळ्यांचा हिशेब आला. १९६८ ते २००२ या काळात ३३७ सामान्य जातींच्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३१ टक्क्यांनी घटली होती. २०१९ मध्ये रानटी मधमाश्या आणि सिरफिड माश्यांच्या ३५३ जातींवर ७ लाखांहून जास्त नोंदी वापरून झालेल्या अभ्यासात १९८० नंतर एक तृतीयांश जातींचा वावर आक्रसलेला आढळला. जेमतेम दशांश जातींचा वाढला होता.

नकाशे नुसते आक्रसत नाहीत, सरकतातही. १९९९ मध्ये कॅमिल परमेसन आणि युरोपातल्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी स्थलांतर न करणाऱ्या ३५ फुलपाखरांचे विसाव्या शतकातले नकाशे तपासले. ६३ टक्के जाती ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेकडे सरकल्या होत्या, दक्षिणेकडे सरकलेल्या फक्त ३ टक्के. हवामानबदलाचा हा पुरावा कोण्या प्रयोगशाळेत तयार झालेला नव्हता. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुट्टीच्या दिवसांतून गोळा झाला होता.

नवा पाहुणा देशात शिरताना पाहायलाही हीच यंत्रणा उपयोगी पडली. हार्लेक्विन हा मूळचा आशियातला लेडीबर्ड भुंगेरा. आपल्याकडे शेतकरी ज्यांना ढालकिडे म्हणतात त्यांच्यातलाच हा. मावा फस्त करतो म्हणून युरोपात तो मुद्दाम आणून सोडण्यात आला होता. सप्टेंबर २००४ मध्ये तो इंग्लंडच्या एसेक्स काउंटीत एका पबच्या बागेत सापडला. पुढच्याच मार्चमध्ये लेडीबर्डची ऑनलाइन पाहणी सुरू झाली आणि लोक स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कोपऱ्यात हिवाळ्यासाठी गोळा झालेल्या भुंगेऱ्यांचे फोटो पाठवू लागले. हा भुंगेरा फसवा आहे. कधी नारिंगीवर काळे ठिपके, कधी काळ्यावर लाल. ठिपके किती हेही नक्की नाही. नाव सांगितलं तर चुकायची शक्यता, फोटो पाठवला तर जाणकार ठरवणार, म्हणून ही पाहणी फोटोंच्या जोरावरच उभी राहिली. वर्षाला सुमारे १०० किलोमीटर या वेगानं तो पसरताना नकाशावर दिसला. त्याच्यापूर्वीच्या लेडीबर्डच्या नोंदी आधीपासून साठवलेल्या असल्यानं तुलनाही करता आली. हार्लेक्विन आल्यावर पाच वर्षांत दोन ठिपक्यांचा स्थानिक लेडीबर्ड बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी आणि ब्रिटनमध्ये ४४ टक्क्यांनी घटला.

सगळेच पाहुणे असे उपद्रवी नसतात. झाडाच्या ढोलीत घर करणारी ट्री बंबलबी ही युरोपातली भुंग्याची जात २००१ मध्ये इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये पहिल्यांदा आढळली. पक्ष्यांसाठी टांगलेल्या लाकडी खोक्यांत ती आनंदानं राहते. २०१३ पर्यंत ती स्कॉटलंडमध्ये पोचली होती.

कीटकांना देशांच्या सीमा नसतात, चौकोनांच्या जाळ्या मात्र प्रत्येक देशाच्या वेगळ्या. म्हणून १९६९ मध्ये हीथ यांनी बेल्जियमच्या जाँब्लू इथले कीटकशास्त्रज्ञ जाँ लक्लेर्क यांच्या साथीनं युरोपभरच्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या नोंदींसाठी एक सामायिक उपक्रम सुरू केला. त्यासाठी चौकोन ५० किलोमीटरचे धरले. अशा एकत्रित नजरेचं फळ २००९ मध्ये दिसलं. पेंटेड लेडी हे फुलपाखरू महाराष्ट्रातही दिसतं. युरोपात ते दर वसंतात आफ्रिकेकडून येतं. त्याचे वंशज शरद ऋतूत जातात कुठे, हे कोडं होतं, कारण परतताना ते फारसं कोणाला दिसत नसे. त्या वर्षी युरोपभरातून सुमारे ६०,००० नोंदी आल्या आणि त्यांच्या जोडीला रॉथमस्टेडचं रडार होतं. ब्रिटनमध्ये अंदाजे १ कोटी १० लाख फुलपाखरं आली आणि २ कोटी ६० लाख परत गेली. जाताना ती सरासरी ५०० मीटरहून उंच उडत होती. जमिनीवरच्या निरीक्षकाला आकाश रिकामं दिसत होतं ते त्यामुळे.

आता नोंद पाठवणं मोबाइलवर आलं आहे. फोटो, जागा आणि वेळ एका दमात जाते, ओळख सुचवायला संगणकही मदत करतो. बायोलॉजिकल रेकॉर्ड्स सेंटरचं बिऱ्हाड माँक्स वुड सोडून ऑक्सफर्डशायरमधल्या वॉलिंगफर्डला गेलं आहे आणि निरनिराळ्या जीवगटांच्या ऐंशीहून जास्त योजनांना ते आधार देतं. तरी सगळ्यांचं भाग्य सारखं नाही. ब्रिटनमध्ये नेहमी आढळणारी फुलपाखरं जेमतेम साठ, आणि त्यांचे नकाशे जगातल्या उत्तम नकाशांत मोडतात. माश्या-चिलटांच्या जाती ७,००० च्या वर आहेत. त्यांतल्या कित्येकांचं नाव फोटोवरून ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पायावरचे केस मोजावे लागतात, आणि ते मोजू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

म्हणून माश्यांच्या अभ्यासकांची ‘डिप्टेरिस्ट्स फोरम’ ही संघटना दर उन्हाळ्यात आठवडाभराची सहल काढते, आणि मुक्काम निवडताना नोंदी कमी असलेला मुलूख मुद्दाम शोधते. दिवसभर ओढ्याकाठी आणि दलदलीत जाळी फिरवायची, संध्याकाळी एका मोठ्या खोलीत टेबलं जोडून सूक्ष्मदर्शक मांडायचे आणि रात्री उशिरापर्यंत एकमेकांना ‘ही बघ जरा’ म्हणत केस मोजत बसायचं. परतल्यावर याद्या रेकॉर्डरकडे जातात आणि काही जातींच्या नकाशांवर त्या मुलखातला पहिला ठिपका उमटतो.